वाऱ्यापुढे जाणारे शीड
अजिंठ्याच्या गलबतापासून जिल्ह्यातील जलाशयांपर्यंत

बीड जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. बालाघाटाच्या डोंगररांगा, त्यांच्या कुशीतील हलकी जमीन, उत्तरेला गोदावरीचे पात्र आणि पावसाची सदैव वाटणारी चिंता असे या जिल्ह्याचे चित्र आपल्या डोळ्यांसमोर असते. अशा जिल्ह्यात शिडाच्या होडीविषयी लिहावयाचे म्हणजे ओसाड माळावर नावाड्याने वल्हे शोधण्यासारखे आहे, असे कोणास वाटल्यास नवल नाही. तथापि या लेखास निमित्त झाले ते एका शाळेतील मुलांच्या प्रश्नाचे. अजिंठ्याच्या सहलीहून परतलेल्या या मुलांनी तेथील एका भित्तिचित्रात जहाज पाहिले होते. "जहाजाच्या तोंडापुढे पाण्यावर काढलेली काठी आणि तिला बांधलेले शीड कशासाठी?" असे त्यांनी प्रस्तुत लेखकास विचारले. प्रश्न साधा होता. उत्तर मात्र इतिहास, पदार्थविज्ञान आणि सुतारकाम या तिन्ही विषयांतून फिरून येणारे निघाले. शिक्षक, अधिकारी आणि पंचायतीचे सदस्य यांना ते उपयुक्त वाटेल, या अपेक्षेने ते येथे मांडीत आहे.

अजिंठ्याचे गलबत

अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची बौद्ध कथा चित्रित केलेली आहे. हा पूर्ण शूर्पारकाचा, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातील सोपाऱ्याचा. या कथेतील जहाजाला तीन डोलकाठ्या असून त्यांवर उंच, आयताकार शिडे आहेत. जहाजात घट मांडलेले आहेत, मागील बाजूस सुकाणूची वल्ही आहेत, आणि नाळेपुढे बाहेर काढलेल्या काठीवर वाऱ्याने फुगलेले एक चौकोनी शीड आहे. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांच्या साहाय्याने अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करून घेतल्या. या पुढच्या काठीची आणि तिच्यावरील शिडाची नोंद त्यांनी आवर्जून केली आहे. हे चित्र इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुमाराचे आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या युक्तीच्या प्राचीनतेची कल्पना येते.

या काठीला इंग्रजीत बोस्प्रिट म्हणतात. या लेखात आपण तिला सोयीसाठी 'पुढची काठी' असेच म्हणू.

समुद्रापासून इतक्या दूर, डोंगराच्या कपारीत चित्रकाराला जहाजाचे एवढे बारकावे कसे ठाऊक असावेत? याचे उत्तर मराठवाड्याच्या व्यापारी इतिहासात आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक नाविकाने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासवर्णनात पैठण आणि तगर या दोन बाजारपेठांचा उल्लेख आहे. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर. पैठणहून अकीकासारखे मौल्यवान दगड आणि तगरहून कापड बैलगाड्यांनी भडोच बंदराकडे जात असे. भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेथून तगर पूर्वेस आणखी दहा दिवसांच्या वाटेवर, असे त्यात म्हटले आहे. पैठण आणि तेर यांच्या मधला प्रदेश म्हणजेच बहुतांशी आजचा बीड जिल्हा होय. सातवाहनांच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज कोरलेले आढळते, तेही उगीच नव्हे. आपल्या मुलखातील माल जहाजात चढत होता, आणि ती जहाजे मोसमी वारा पाठीशी घेऊन समुद्र ओलांडीत होती.

या परंपरेचा एक नवा अध्याय अलीकडेच लिहिला गेला. अजिंठ्याच्या चित्रातील जहाजाचा आधार घेऊन, फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून तयार केलेले 'कौंडिण्य' हे जहाज गोव्यात बांधण्यात आले. केरळच्या पारंपरिक कारागिरांनी ते उभे केले. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ते भारतीय नौदलात दाखल झाले, आणि डिसेंबर २०२५ च्या अखेरीस पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचले. मराठवाड्यातील एका भिंतीवरचे चित्र दीड हजार वर्षांनी पाण्यावर उतरले, ही आपल्या विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी गोष्ट आहे.

वारा पाठीशी असता काय घडते?

सामान्य समजूत अशी की, वारा मागून असला म्हणजे होडी सर्वांत वेगाने जाते. प्रत्यक्षात तसे नाही. समजा, वारा ताशी १५ किलोमीटर वेगाने वाहत आहे आणि होडी त्याच दिशेने ताशी ५ किलोमीटर वेगाने जात आहे. अशा वेळी होडीतील माणसास आणि शिडास जाणवणारा वारा केवळ ताशी १० किलोमीटरचा उरतो. सायकलस्वाराला मागून वारा असता हवा पडल्यासारखी वाटते, तोच हा अनुभव होय.

शिवाय वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. वेग १५ वरून १० वर आला, म्हणजे दोन तृतीयांश झाला, तर दाब नऊपैकी चार भाग, म्हणजे निम्म्याहून कमी उरतो. होडी जसजशी वेग घेते, तसतसे तिला ढकलणारे बळ ती स्वतःच कमी करीत जाते. ही उणीव भरून काढण्याचा सरळ मार्ग म्हणजे अधिक कापड वाऱ्यास देणे. वाऱ्यापुढे जाताना वापरावयाची शिडे मोठी, फुगीर आणि हलक्या कापडाची असतात, ती याच कारणाने.

परंतु केवळ मोठे शीड असून भागत नाही. वारा मागून येतो तेव्हा डोलकाठीवरचे मुख्य शीड वाऱ्याची वाट अडविते आणि त्याच्या पुढचे लहान शीड आडोशात सापडून लोंबू लागते. घरामागे लावलेल्या रोपास जसे ऊन मिळत नाही, तसे या शिडास वारा मिळत नाही. पुढची काठी येथे उपयोगी पडते. तिच्यामुळे शिडाचा खालचा पुढचा कोपरा नाळेच्याही पुढे नेता येतो, शीड आडोशातून बाहेर पडते आणि मोठे शीड लावण्यास जागाही मिळते.

तिसरा लाभ सुकाण्याचा. मुख्य शीड एका बाजूस पूर्ण सोडलेले असता होडीचे तोंड दुसऱ्या बाजूकडे वळू पाहते आणि सुकाणू धरणाऱ्याचा हात भरून येतो. नाळेपुढे ओढणारे शीड असले म्हणजे हा कल पुष्कळ अंशी आवरला जातो. बैलगाडीचा बैल पुढून ओढतो म्हणून गाडी सरळ चालते. तीच गाडी मागून ढकलली तर जू भरकटते. प्राचीन रोमन जहाजांच्या नाळेवरही असेच लहान शीड असे.

थोडी वळणाची वाट

आधुनिक होड्यांत पुढच्या काठीवरचे शीड बहुधा दोन्ही बाजूंनी सारखे नसते. त्याची पुढची कड लांब आणि मागची आखूड असते. असे शीड घेऊन वाऱ्याच्या अगदी पुढे सरळ न जाता, थोडे तिरके जाऊन, मग शिडे पालटून दुसऱ्या बाजूस तिरके जावयाचे, अशी नागमोडी वाट धरतात. तिरके गेल्याने जाणवणारा वारा वाढतो आणि होडी वेग घेते.

हे गणित वर्गात सहज करून दाखविता येते. सरळ दिशेपासून ३० अंश तिरके गेल्यास १०० मीटरसाठी सुमारे ११५ मीटर चालावे लागते. म्हणजे वाट १५ टक्क्यांनी वाढली. तिरके गेल्याने वेग १५ टक्क्यांहून अधिक वाढत असेल तर वळणाची वाट लवकर पोहोचविते. वाढत नसेल तर सरळ जाणेच बरे. त्रिकोणमितीचा एवढा जिवंत उपयोग पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडेल.

२०१८ च्या जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत वर्षा गौतम आणि श्वेता शेरवेगर या दोघींनी 'फोर्टीनाईनर एफएक्स' या प्रकारात भारतास रौप्यपदक मिळवून दिले. ती होडी पुढची काठी आणि तिच्यावरचे मोठे फुगीर शीड असलेलीच असते. २०१७-१८ मध्ये 'तारिणी' या नौकेतून नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्या नौकेच्या शिडांच्या संचातही वाऱ्यापुढे जाण्याची शिडे समाविष्ट होती. ही नौका गोव्यात बांधलेली आहे.

काठी बसविताना

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. चार मीटर लांबीची, एका डोलकाठीची छोटी होडी आपण गृहीत धरू. तिला पुढची काठी लावणे हे वरवर पाहता सोपे काम आहे. पण ती चुकीची लावल्यास नाळ उचकटते, आणि मग होडीसह माणसेही संकटात येतात. म्हणून प्रथम बळाचा हिशेब पाहावा.

ताशी २० किलोमीटर वेगाचा वारा दर चौरस मीटर शिडावर सुमारे २ किलो वजनाइतका दाब देतो. ६ चौरस मीटरच्या शिडावर तो १२ किलोच्या आसपास होतो. वारा दुप्पट, म्हणजे ताशी ४० किलोमीटर झाला की दाब चौपट होऊन ४८ किलोवर जातो. झोतासरशी बसणारा हिसका याहून अधिक असतो.

आता काठी म्हणजे एक पहारच आहे, हे ध्यानात घ्यावे. काठी नाळेबाहेर ६० सेंटीमीटर आणि आत ३० सेंटीमीटर आहे, आणि शीड तिचे टोक २० किलोच्या बळाने वर ओढीत आहे, असे समजा. तरफेच्या नियमाने काठीचे आतले टोक तळफळीवर ४० किलोने दाबेल, आणि नाळेवर काठी धरून ठेवणाऱ्या पट्टीवर ६० किलोचा ओढा येईल. टोकावरचे २० किलो मुळाशी तिप्पट होतात, ते असे. यावरून कामाचे नियम आपोआप निघतात.

पहिला नियम : काठीचा आतला भाग आखूड ठेवू नये. एकूण लांबीच्या निदान एक तृतीयांश भाग आत असावा, आणि आतले टोक पक्क्या खुंटास जखडावे.

दुसरा नियम : नाळेवरील लोखंडी पट्टी नुसत्या स्क्रूने पातळ फळीवर बसवू नये. पट्टीचे बोल्ट आरपार नेऊन खालून जाड लाकडाचा ठोकळा वा धातूची पट्टी द्यावी, म्हणजे ओढा मोठ्या जागेवर विभागला जातो. गंज न चढणारे बोल्ट वापरावेत, आणि भोकांतून पाणी मुरणार नाही अशी लांबी भरावी.

तिसरा नियम, आणि हा सर्वांत महत्त्वाचा : काठीच्या टोकापासून खाली, नाळेच्या पाण्यालगतच्या भागापर्यंत एक ताण द्यावा. तारेचा अथवा न ताणल्या जाणाऱ्या दोरीचा हा ताण टोक वर उचलू देत नाही. त्याच्यामुळे काठीवर वाकविणारे बळ न येता बहुतांशी दाबणारे बळ येते, आणि लाकूड वा बांबू दाब चांगला सोसतो. ताण जितका खाली बांधावा तितका तो कमी श्रमात काम करतो. दोन्ही बाजूंसही एकेक ताण दिल्यास काठी डावी-उजवी हलत नाही.

चौथा नियम : काठीसाठी सरळ धाग्याचे सागवान, ॲल्युमिनियमची नळी अथवा जाड, भरीव बांबू चालतो. बांबूच्या टोकाशी आणि पट्टीच्या जागी दोरीचे घट्ट वेढे द्यावेत, म्हणजे तो उभा चिरत नाही.

शीड हलक्या नायलॉनचे असावे. त्याचा वरचा कोपरा डोलकाठीवरील कप्पीतून ओढून चढवावा, पुढचा कोपरा काठीच्या टोकाच्या कप्पीतून येणाऱ्या दोरीने बाहेर काढावा, आणि मागच्या कोपऱ्यास दोन दोऱ्या असाव्यात, एक उजवीकडून व एक डावीकडून. या दोऱ्यांच्या शेवटाला गाठ मारू नये आणि त्या कोठेही कायमच्या बांधून ठेवू नयेत. वाऱ्याचा झोत आला असता दोरी हातातून सोडताच शिडातील वारा निघून गेला पाहिजे. गाठ मारलेली दोरी अडकते आणि होडी उलटते. शीड चढविताना आणि उतरविताना मुख्य शिडाच्या आडोशाचा उपयोग करावा. एरवी अडचण वाटणारा हा आडोसा त्या वेळी मदतीस येतो. पुढून ओढ बसल्याने नाळ दबते, म्हणून होडीतील माणसांनी मागे सरकून बसावे.

काठीवाचूनही काम भागते

ज्यांना एवढा खटाटोप नको असेल त्यांच्यासाठी जुना आणि स्वस्त उपाय आहे. राष्ट्रीय छात्र सेनेच्या नौदल शाखेत 'एंटरप्राइज' जातीची होडी शिकविण्यासाठी वापरतात. जॅक होल्ट यांनी १९५६ मध्ये आखलेल्या या चार मीटरच्या होडीला फुगीर शीड लावण्याची तिच्या नियमांत मुभाच नाही. वारा मागून असता मुख्य शीड एका बाजूस आणि पुढचे लहान शीड दुसऱ्या बाजूस पसरून, लहान शिडाचा कोपरा एका हलक्या काठीने बाहेर रेटून धरतात. दोन पंख पसरलेल्या बगळ्यासारखी होडी दिसते. नाळेस भोक नाही, मोठा खर्च नाही. आणि नवशिक्यास हेच अधिक सुरक्षित आहे. शाळेने वा मंडळाने येथूनच आरंभ करावा, असे सुचवावेसे वाटते.

आपल्या पाण्याचा विचार

हे सर्व आपल्या जिल्ह्यात कोठे करावयाचे, असा प्रश्न पंचायतीचे सदस्य विचारतील. सिंदफणेवरील माजलगावचा जलाशय, केज तालुक्यातील धनेगावचा मांजरा प्रकल्प, बीडजवळील बिंदुसरा आणि शेजारचा पैठणचा नाथसागर ही आपली मोठी पाणस्थळे होत. हे पाणी प्रथम पिण्याचे व शेतीचे आहे, याचा विसर पडता कामा नये. २०१६ मध्ये मांजरा प्रकल्प कोरडा पडला आणि लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, ही आठवण ताजी आहे. शिडाच्या होडीस तेल लागत नाही, ती धूर सोडीत नाही आणि पिण्याच्या पाण्यावर तेलाचा तवंगही आणीत नाही, ही तिची मोठी जमेची बाजू म्हणावी लागेल.

जलाशयाचे काही धोके मात्र समुद्रात नसतात. पाणी उतरले की बुडितातील गावांच्या भिंती, विहिरींचे काठ आणि बाभळीची खोडे पृष्ठभागाखाली हातभर अंतरावर येतात. मासेमारांची जाळी पसरलेली असतात. त्यांचा पहिला हक्क मान्य करून त्यांच्याशी आधी बोलावे. त्या पाण्याची त्यांच्याइतकी माहिती दुसऱ्या कोणासही नसते. एप्रिल-मे मधील वळीव काही मिनिटांत शांत हवेचे वादळ करतो. म्हणून ढग दाटताच मोठे शीड उतरवून काठ गाठावा. पावसाळ्यानंतर जलाशय भरलेले आणि वारा बेताचा असतो, तो काळ शिकण्यास उत्तम.

जलाशयावर होडी उतरविण्यापूर्वी जलसंपदा विभागाची परवानगी आवश्यक आहे. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान अधिनियमात बिनइंजिनाच्या नावांचाही स्वतंत्र विचार केलेला असून त्यांच्या नोंदणीत जिल्हा, तालुका आणि ग्रामपातळीवरील स्थानिक संस्थांना स्थान देण्याची कल्पना आहे. पंचायतीच्या सदस्यांनी ही बाब जाणून घ्यावी. कारण नाव बुडाल्यावर चौकशी करण्यापेक्षा ती पाण्यात उतरण्यापूर्वी पाहणे हे केव्हाही श्रेयस्कर. प्रत्येकाच्या अंगात तरंगजाकीट, होडीत पाणी शिरले तरी ती तरंगती ठेवणारे हवाबंद कप्पे, सोबतीस दुसरी होडी, आणि उलटल्यास होडी सोडून पोहत न जाण्याची शिकवण, या चार गोष्टींत तडजोड करू नये.

नदीचे ज्ञान किती मोलाचे असते याची साक्ष आपल्याच जिल्ह्याने पाहिली आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी गेवराई तालुक्यातील राक्षसभुवन येथे माधवराव पेशव्यांनी निजामावर विजय मिळविला. गोदावरीच्या पुरामुळे निजामाचे सैन्य दोन तीरांवर विभागले गेले होते, ही गोष्ट त्या दिवशी निर्णायक ठरली. ज्याला पाणी ओलांडता येत नाही, त्याची शक्ती अर्धी होते.

शाळेतील त्या मुलांना दिलेले उत्तर शेवटी थोडक्यात असे : मागून येणारा वारा होडीस ढकलतो खरा, पण तो पूर्ण पदरात पाडून घ्यावयाचा तर आपले शीड आडोशातून बाहेर, पुढे काढावे लागते, आणि ते जितके पुढे काढावे, तितका मुळाशी ताण पक्का हवा. अजिंठ्याच्या चित्रकाराला ही गोष्ट ठाऊक होती. आपल्या शाळांनी बादलीभर पाण्यात कागदाची नाव, बांबूची काडी आणि कापडाचा तुकडा घेऊन तिचा प्रयोग करून पाहावा. पंख्याच्या वाऱ्यात ती नाव सरळ जाऊ लागेल तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावर जे दिसेल, त्यावरून पुढची पावले कोणती टाकावयाची हे शिक्षकांना सहज उमगेल.